मधलं नाव गाळावं

विमानात चढायचा क्रम असा असतो: आधी चाकाच्या खुर्चीतले, मग तान्ही मुलं आणि त्यांना धरून ठेवणारे, मग प्लॅटिनम सदस्य, मग सुवर्ण सदस्य, मग रौप्य सदस्य, मग गट क्रमांक एक, दोन आणि तीन, आणि सगळ्यात शेवटी, ध्वनिक्षेपकावरच्या बाईंचा घसा बसत आलेला असताना, ‘उर्वरित प्रवासी’.

बॉयलर तपासनीस अकरा वर्षं उर्वरित होते.

सुरुवातीला त्यांना त्याचं काही वाटत नसे. पण एखादा शब्द वर्षातून तीस-पस्तीस वेळा आपल्याला उद्देशून मोठ्यानं उच्चारला जाऊ लागला, की माणूस त्याच्या अर्थाकडे वळतोच. भागाकारात उर्वरित म्हणजे सगळ्यांना सगळं वाटून झाल्यावर खाली एका कोपऱ्यात राहतं ते. स्वयंपाकघरात उर्वरित म्हणजे दुसऱ्या दिवशी गरम करून, काही न बोलता वाढलं जातं ते. आणि हेच तपासनीस कारखान्यांत गेले की फाटक दुरून उघडायचं, व्यवस्थापक अर्ध्या पायऱ्या उतरून खाली यायचा, आणि चौदा टनांचा बॉयलर त्यांच्यासाठी आदल्या दिवसापासून थंड करून ठेवलेला असायचा. बॉयलरच्या पोटात शिरताना त्यांच्या आधी कुणी जात नसे. खरं तर नंतरही जात नसे, पण मान तो मान.

तरीही ते उर्वरितच मेले असते. विघ्न आलं ते साडूंच्या रूपानं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते रंगाच्या कंपनीत विक्रीचं बघत आणि सुवर्ण सदस्य होते. मागच्या वर्षी दोन्ही जोडपी एकाच विमानानं निघाली होती, तपासनिसांच्या मुलीकडे. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दारापाशी ‘सुवर्ण’ असा पुकारा झाला तसे साडू उठले, मेहुणी उठली, आणि दोघं त्या दोन हात लांबीच्या निळ्या सतरंजीवरून निघून गेली. चाळीस मिनिटांनी उर्वरितांबरोबर तपासनीस आणि त्यांची बायको आत शिरली, तर तिसऱ्या रांगेत साडू पाय पसरून बसलेले.

“या, या!” साडू म्हणाले. जणू त्यांच्या घरची वास्तुशांत होती. “आलात का? आमचं तर पाणीसुद्धा पिऊन झालं.”

सत्ताविसाव्या रांगेपर्यंत डोक्यावरचे सगळे कप्पे भरले होते. बायकोच्या हातातली पिशवी हवाई सुंदरीनं गोड हसून काढून घेतली आणि खाली सामानात पाठवली. त्या पिशवीत बायकोनं स्वतः चाकावर घडवलेल्या, स्वतः रंगवलेल्या सहा चिनीमातीच्या वाट्या होत्या. उतरल्यावर पिशवी उघडली तेव्हा त्या सहा राहिल्या नव्हत्या. म्हणजे संख्येनं पाहिलं तर वाढल्याच होत्या.

बायको काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा घरात बॉयलरच्या काचेतली पाण्याची पातळी दिसेनाशी झाल्यासारखं होतं. आत काय चाललंय याचा अंदाज लागत नाही आणि झडप कुठली उघडावी ते कळत नाही. वर्षभरानं मुलीनं तिथंच घर घेतलं. पुन्हा चौघांनी मिळून जायचं ठरलं. बायकोनं पुन्हा माती हाती घेतली, आणि या खेपेला तिनं वाट्या केल्या नाहीत. जेवणाच्या टेबलाच्या मध्यावर ठेवायचं, फळांचं, चांगलं दीड वीत रुंदीचं निळं भांडं केलं. चार महिने लागले. पहिलं भट्टीत तडकलं. दुसरं तडकलं तेव्हा तपासनिसांनी भट्टीच्या तापमानाविषयी दोन शब्द ऐकवले आणि त्यांना दोन दिवस कुणी चहाला विचारलं नाही. तिसरं टिकलं.

“हे कसं न्यायचं?” जुन्या रजईत ते गुंडाळत बायको म्हणाली. प्रश्न भांड्याला विचारल्यासारखा होता.

आणि तपासनिसांच्या तोंडून निघून गेलं, “यावेळी आपण आधी चढू.”

बायकोनं मान वर करून पाहिलं. तिच्या डोळ्यांत अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक दिसलं, की तसा त्यांना भास झाला, कोण जाणे. पण शब्द गेला तो गेला.

सुवर्ण सदस्य व्हायला वर्षात चाळीस उड्डाणं लागत. तपासनिसांची छत्तीस झाली होती. प्रवासाला पाच आठवडे होते आणि त्या पाच आठवड्यांत परिसरातला एकही बॉयलर तपासणीला येत नव्हता. सगळे आगाऊपणानं सुस्थितीत होते.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य परिषदांना जाऊन जाऊन या विषयातले जाणकार झाले होते. जिन्यात गाठून त्यांनी तोंड उघडायला न लावता सल्ला दिला. “काही नाही. एक चक्कर मारून यायची. जायचं, उतरायचं, त्याच विमानानं परत. दोन उड्डाणं झाली! मी तर गेल्या वर्षी एका ठिकाणी अकरा मिनिटं होतो. हवा चांगली होती हो तिथली.”

खालच्या मजल्यावर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी विषय मुळापासून घेतला. “मुळात आधी चढून फायदा काय? मी मांडून दाखवतो. आधी चढणारा माणूस सरासरी सव्वीस मिनिटं जास्त बसतो. म्हणजे तुम्ही वर्षभर धावपळ करणार ती त्याच खुर्चीत जास्त वेळ बसायला.”

“कप्प्यात जागा मिळते,” तपासनीस म्हणाले.

“हां. मग सामान नेऊ नका,” प्राध्यापक म्हणाले आणि दार लावून घेतलं. हा माणूस चाळीस वर्षं शिकवत होता.

तर दंतवैद्यांचा मार्ग धरून तपासनीस एका शनिवारी जवळच्याच एका शहरी गेले. हातात काही नाही, खिशात रुमाल. उतरले, बाहेर येऊन पुन्हा आत शिरले. सुरक्षा तपासणीच्या जवानानं विचारलं, “इथं कशासाठी आला होता?”

“परत जायला.”

जवानानं त्यांना बाजूला घेतलं आणि चपला, पट्टा, घड्याळ काढायला लावलं. रुमालही झटकून पाहिला. कार्डाची हकिकत ऐकल्यावर मात्र त्यानं स्वतःच्या हातानं घड्याळ परत केलं. आजाऱ्याला देतात तसं. विमानात तीच हवाई सुंदरी दाराशी उभी होती. “सर, काही विसरलात का?” तिनं काळजीनं विचारलं. सत्ताविसाव्या रांगेपर्यंत शोधून आली बिचारी.

दुसऱ्या शनिवारी जाताना सगळं ठीक होतं. येताना धुकं पडलं. विमान उडालं, घराच्या वर येऊन तासभर घिरट्या घातल्या आणि जिथून उडालं होतं तिथंच जाऊन उतरलं. तपासनीस रात्री बसनं घरी आले. सोमवारी मोबाईलवर निरोप होता: ज्या ठिकाणाहून निघाले त्याच ठिकाणी उतरलेल्या उड्डाणास प्रवास मानता येत नाही. तपासनिसांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या एकूण आयुष्याविषयी कुणीतरी शेरा मारल्यासारखं त्यांना वाटलं.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा. त्या सुंदरीनं या वेळी काही विचारलं नाही, नुसतं पाणी आणून दिलं.

जातानाच चाळीस झाली. इतकी वर्षं सदस्य-क्रमांक नावाचा एक आकडा तेवढा त्यांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर होता; खरं प्लास्टिकचं कार्ड फक्त सुवर्णवाल्यांना मिळे. ते प्रवासाच्या आठवडाभर आधी आलं. जाड पाकिटात, सोनेरी कागदात, मखमलीसारख्या काहीतरीत. तपासनिसांनी चष्मा पुसून घेतला. बायको हात पुसत बाहेर आली. दंतवैद्य सहज आल्यासारखे आले.

कार्डावर तपासनिसांच्या वडिलांचं नाव होतं.

वडिलांचं नाव आणि आडनाव. ठसठशीत उठावाच्या अक्षरांत. मधे काही नाही, पुढे काही नाही. सोबत पत्र होतं, त्यात वडिलांचं मनापासून अभिनंदन केलं होतं आणि त्यांनी या वर्षी चाळीस वेळा आकाश निवडल्याबद्दल आभार मानले होते.

वडिलांना जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि ते विमानात एकदाही बसले नव्हते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारमागे ते एकतीस वर्षं बसले. त्या खिडकीसमोर रांग असे आणि ती सरळ असावी एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. रांग वाकडी झाली की ते टाक खाली ठेवत आणि चष्म्यावरून बघत. रांग आपोआप सरळ होई. सख्खा भाऊ एकदा बाजूनं डोकावून म्हणाला, “अरे, माझं तेवढं घे ना,” तर वडिलांनी त्याला विचारलं, “आपण रांगेत आहात का?” भाऊ दोन वर्षं घरी आला नाही. तपासनीस पहिल्यांदा विमानानं गेले, सदस्य वगैरे होण्याच्या कितीतरी आधी, तेव्हा वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, “दाराशी रांग असते का?”

“असते, बाबा.”

“मग ठीक आहे.”

असा माणूस, सतरा वर्षांनी, रांग सोडून पुढे जाण्याचा परवाना मिळवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तपासनीस कार्ड घेऊन कार्यालयातल्या प्रवास विभागाच्या बाईंकडे गेले. विभाग म्हणजे त्या एकट्याच होत्या. अकरा वर्षांपूर्वी सगळ्या तपासनिसांचे सदस्यत्वाचे अर्ज त्यांनीच भरले होते.

“त्यात माझी काय चूक, साहेब?” बाईंनी थेट जुनी फाईलच काढली. बाईंकडे सगळं असायचं. म्हणून त्यांना कुणी जिंकू शकत नसे. “हा बघा अर्ज. स्वच्छ लिहिलंय, सदस्याचं पूर्ण नाव, आणि कंसात, मधलं नाव गाळावं. आता हा आपला हजेरीपट. आपल्याकडे आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मधलं कोण?”

तपासनिसांनी पाहिलं. “मी.”

“गाळलं.”

 तिकिटावर तिन्ही नावं छापली जात, त्यामुळे यंत्राला त्यात वडीलही सापडत आणि आडनावही; ते समाधानानं उड्डाण नोंदवून टाकी. फक्त मधे ज्यानं अकरा वर्षं गुडघे आखडून प्रवास केला तो गृहस्थ कुणाच्या हिशेबात नव्हता. पुढच्या आणि मागच्या नावाच्या मधल्या खुर्चीत तो बसला होता, दोन्ही हातांना टेकू नाही अशा.

“आणि हो,” बाई म्हणाल्या, “दरवर्षी तुमच्या वडिलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात हं त्यांच्याकडून. मी म्हटलं, किती चांगले लोक आहेत.”

घरी येऊन त्यांनी सहाय्य क्रमांक लावला. एरवी त्या क्रमांकावर अर्धा तास बासरी ऐकावी लागे. या वेळी सोनेरी क्रमांक टाकल्याबरोबर पहिल्या घंटीला फोन उचलला गेला. वडिलांच्या पुण्याईवर माणसं तरतात हे तपासनीस ऐकून होते. ती अशी तारांमधून येते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“नमस्कार सर!” एक गोड आवाज म्हणाला आणि त्यानं त्यांना वडिलांच्या नावानं हाक मारली.

तपासनीस नकळत उभे राहिले. “नाही, मी त्यांचा मुलगा बोलतोय. नावात दुरुस्ती करायचीय.”

“नक्कीच सर. फक्त सदस्यांनी स्वतः बोलायला हवं. त्यांना फोन देता का?”

“ते देता येणार नाही.”

“ते प्रवासात आहेत का?”

तपासनिसांनी छताकडे पाहिलं. “एका अर्थी.”

“काही हरकत नाही, परत आल्यावर—”

“अहो, परत नाही यायचे ते. समजा... समजा एखादे सदस्य हयात नसतील तर काय करतात?”

“फार वाईट वाटलं सर. तशा वेळी सदस्यत्व त्याच क्षणी रद्द होतं, आणि जमा झालेली सगळी उड्डाणंही. तशी नोंद करू का?”

पलीकडे कळफलकाची टकटक सुरू झालेली ऐकू आली. स्वयंपाकघराच्या दारात बायको रजईतलं भांडं छातीशी धरून उभी होती; ती आजकाल त्याला घेऊन घरभर हिंडून सराव करायची.

“नको, नको!” तपासनीस ओरडले. “ते ठीक आहेत! नुसतं... बोलता येत नाही त्यांना.”

“अरेरे. घसा का, सर? लवकर बरे होऊ देत. गरम पाणी द्या त्यांना.”

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. चोपन्नाव्या वर्षी आपण वडिलांना एका कप्प्यासाठी खोटं जिवंत ठेवलं, आणि ज्या माणसानं कधी सख्ख्या भावालाही पुढे घेतलं नाही त्याच्या नावावर आपण पुढे घुसणार आहोत, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

“मी विचार करत होते,” बायको म्हणाली. “माझा अर्ज असा भरला असता तर? आधी माझं, मग तुमचं, मग आडनाव. मधलं नाव गाळावं.”

“मग?”

“पुन्हा तुम्हीच. कुठल्याही बाजूनं धरलं तरी गळणारे तुम्हीच.” ती हसली आणि मग थांबली. “अहो, एक सांगू? लग्न झालं त्या वर्षी मी पाण्याचं बिल भरायला बाबांच्या खिडकीवर गेले होते. पाऊण तास उभी होते. नंबर आला, तर मान वर न करता विचारतात, ‘नाव?’”

“मग तू काय केलंस?”

“सांगितलं नाव. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, तुझी पावती नीट ठेव हो. म्हणजे ओळखलं होतं त्यांनी!”

“ओळखलं होतंच. पण रांगेत होतीस ना.”

“तेच म्हणतेय मी,” बायको म्हणाली, आणि काय म्हणतेय ते न सांगता भांडं घेऊन आत गेली.

प्रवासाचा दिवस उजाडला. साडू विमानतळावर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या बॅगेला सोनेरी पट्टी लटकत होती, ती सगळ्यांना दिसेल अशी त्यांनी दोनदा फिरवून ठेवली.

“काय साडूभाऊ, ऐकलं ते खरं का? यंदा आमच्यात आलात म्हणे!”

“हो. आलो.” तपासनिसांनी पाकीट खिशाबाहेर काढलं नाही.

“दाखवा की कार्ड! लाजता काय नव्या नवरीसारखे?”

“असू दे हो भावोजी,” बायको मधे पडली, “दारात दाखवायचंच आहे.”

पुकारे सुरू झाले. चाकाच्या खुर्च्या गेल्या. तान्ही मुलं रडत गेली. प्लॅटिनममध्ये एकच गृहस्थ निघाले आणि ते इतके थकलेले दिसत होते की आधीच्या चाकाच्या खुर्च्यांत त्यांना घ्यायला हवं होतं. मग ‘सुवर्ण’. साडू आणि मेहुणी सतरंजीवरून तरंगत पुढे झाली, दारातून दिसेनाशी झाली.

तपासनीस सतरंजीवर उभे राहिले. मागे बायको, तिच्या कवेत रजई. सतरंजी जवळून पाहिली तर बरीच झिजलेली होती.

दारातल्या कर्मचारी बाईंनी पास घेतला आणि हात पुढे केला. “कार्ड, सर?”

त्यांनी कार्ड दिलं. बाईंनी पास पाहिला. कार्ड पाहिलं. मग पुन्हा पास.

“हे आपण नाही.”

“नाही. ते माझे वडील.”

“अच्छा, सुवर्ण सदस्य वडील आहेत!” बाईंचा चेहरा उजळला, त्या मनानं चांगल्या होत्या. “मग काही अडचण नाही सर. सदस्यासोबत घरच्या दोघांना आम्ही सोडतो. फक्त ते हवेत इथं. कुठायत ते?”

खरं सांगावं तर सदस्यत्व जागच्या जागी संपणार होतं. मागे फिरावं तर बायकोच्या हातात चार महिने होते आणि मागून एक सुवर्णवाला खोकत होता. तपासनिसांनी तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

“ते रांगेत आहेत,” ते म्हणाले.

“अहो, मग बोलवा ना त्यांना पुढे! सुवर्ण सदस्यांना रांगेत उभं राहायची गरजच नाही!”

तपासनिसांनी वळून पाहिलं. उर्वरितांची रांग खांबाला वळसा घालून पार पाण्याच्या नळापर्यंत गेली होती. पिशव्या, जांभया, एका खांद्यावर झोपलेलं मूल. नळाजवळ ती थोडी वाकडी झाली होती. आणि क्षणभर त्यांना वाटलं की तिथं, अगदी टोकाला, बगलेत छत्री आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेली पावती असा एक माणूस उभा आहे आणि चष्म्यावरून त्या वाकड्या भागाकडे बघतोय. आणि मग, हळूच, सतरंजीकडे.

“नाही यायचे ते,” तपासनीस म्हणाले. “रांग सोडून ते कधीच आले नाहीत.”

“मग सर, तुम्ही—”

“आपण रांगेत आहात का?” मागच्या खोकणाऱ्यानं वैतागून विचारलं.

तपासनीस दचकले. तेच शब्द. फक्त टाक खाली ठेवल्याचा आवाज तेवढा राहिला होता.

“नाही,” ते म्हणाले, “पण आता होतो.” कार्ड खिशात घालून ते बायकोकडे वळले. आता भांड्याचं काय, हे बोलायला त्यांना तोंड नव्हतं. “अगं, मी तुला म्हटलं होतं, आधी चढू. ते काही—”

“अहो, चला लवकर,” बायको म्हणाली. ती केव्हाच नळाच्या दिशेनं निघाली होती. “आपल्यापुढे अजून सहा जण येऊन उभे राहतील.”

ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तपासनीस जरा डावीकडे सरकले, तशी त्यांच्या पुढची तरुणी सरकली, तिच्या पुढचे दोघं सरकले, आणि नळाजवळचा वाक आपोआप निघून गेला.

दारापलीकडे त्या दिवशी पूल नव्हता, बस होती. पहिली बस सतरंजीवाल्यांनी भरली आणि मैदानाच्या मधोमध उन्हात जाऊन उभी राहिली, कारण विमान अजून झाडून व्हायचं होतं. उर्वरितांची बस अर्ध्या तासानं सुटली, तेव्हा झाडून झालं होतं. दोन्ही बसची दारं एकदम उघडली. साडूंची बस पुढच्या जिन्याला लागली, ही मागच्या. मागच्या जिन्यानं वर चढलं की पहिल्या चार पावलांवर सत्ताविसावी रांग. वरचे सगळे कप्पे आ वासून रिकामे होते.

बायकोनं रजई स्वतःच्या हातानं आत सारली, चारी बाजूंनी दाबून पाहिली, कप्पा बंद केला आणि त्यावर दोनदा थोपटलं. मग खाली बसली आणि वीस मिनिटं काही बोलली नाही. पण या वेळच्या न बोलण्यात पाण्याची पातळी स्पष्ट दिसत होती.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी साडू भेटले. उन्हानं तांबडे झाले होते. “अहो, होतात कुठं तुम्ही? मी तिसऱ्या रांगेतून सारखा दाराकडे बघतोय, तुम्ही दिसलाच नाहीत! मला वाटलं राहिलात.”

“राहिलोच होतो,” तपासनीस म्हणाले. “उर्वरित.”

मुलीच्या घरी टेबल नवं होतं आणि त्याच्या मध्यावर खरंच एवढी जागा रिकामी ठेवलेली होती. बायकोनं रजईची एकेक घडी उलगडली. भांड्याला चरासुद्धा गेला नव्हता. मुलीनं त्यात हात फिरवला, आईकडे पाहिलं, आणि फळं आणायच्या आधीच घराच्या किल्ल्या त्यात टाकल्या. त्याचा जो आवाज झाला तो ऐकायला बायको थोडी वाकली होती.

तेवढ्यात तपासनिसांच्या खिशात मोबाईल वाजला. कंपनीचा निरोप होता. वडिलांना नावानं नमस्कार करून लिहिलं होतं: आज आपण आमच्याबरोबर उड्डाण केलंत, आभारी आहोत. आपला प्रवास कसा झाला? कृपया तारे द्यावेत आणि चार शब्द लिहावेत.

तपासनीस गॅलरीत गेले. चष्मा सारखा केला. पाच तारे दिले. मग खालच्या रिकाम्या चौकोनात, वडिलांच्या वतीनं, जपून एकेक अक्षर दाबत लिहिलं:

‘रांग सरळ होती.’